इंजिनावरचे दिवे वाचता येतात का? (जुनी ब्रिटिश रेल्वे)

रूळखडी

दिवाळीच्या आधी माळा आवरताना आजोबांची पत्र्याची ट्रंक उघडली. तळाशी एक फोटो निघाला. मागे निळ्या शाईत लिहिलंय, 'किंग्ज क्रॉस, लंडन, १९५७'. आजोबा सोलापूरचे, कापड-तंत्र शिकायला दोन वर्षं लीड्सला होते. फोटोत लांब कोट, हातात बॅग आणि पाठीमागे फलाटाच्या टोकाशी, रूळ संपतात तिथल्या अडसराला (बफर-स्टॉपला) जवळजवळ टेकलेलं वाफेचं इंजिन. आजी नेहमी सांगायची, "शिक्षण संपवून निघाले तेव्हाचा आहे. याच गाडीनं लीड्सहून लंडनला आले आणि मग बोटीवर चढले."

माझी नजर इंजिनावरच्या दिव्याकडे गेली. चाकांच्या वर जी आडवी तुळई असते, जिच्यावर दोन बफर, म्हणजे धक्का झेलणारे दट्टे, बसवलेले असतात, तिच्या बरोबर मधोमध एकच पांढरा कंदील आहे. बाकी सगळ्या खुंट्या रिकाम्या. गेली काही वर्षं मी हा विषय वाचतोय, त्यामुळे तिथेच अडकलो. जुन्या ब्रिटिश रेल्वेत इंजिनावरच्या दिव्यांची जागा ही एक लिपी होती, आणि त्या लिपीत मधोमध खाली एकटा दिवा म्हणजे 'नुसतं इंजिन, मागे डबे नाहीत'. मग आजोबा ज्या गाडीनं आले ती ही नव्हेच की काय?

फोटोचं पुढे बघू. आधी लिपी सांगतो.

आपल्याला वाटतं की इंजिनावरचा दिवा रूळ दिसायला असतो. ब्रिटनमध्ये तसं नव्हतं. तिथे लोहमार्गाला दोन्ही बाजूंनी कुंपण घालणं कायद्यानंच बंधनकारक होतं, आणि ड्रायव्हर सगळा भरवसा सिग्नलवर ठेवून गाडी हाकायचा. रॉकेलच्या वातीचा उजेड पन्नास पावलंसुद्धा पोचला नसता. तो दिवा ड्रायव्हरसाठी नव्हताच, तो समोरून बघणाऱ्यासाठी होता: केबिनमधला सिग्नलमन, स्टेशनवरचा पोर्टर, फाटकवाला, रुळावर काम करणारी गँग. येतेय ती गाडी कोणत्या जातीची, हे त्यांना लांबून कळायला हवं.

इंजिनाच्या पुढच्या बाजूला दिवे अडकवायला चार लोखंडी खुंट्या असत. एक वर, चिमणीच्या पायाशी. तीन खाली बफरच्या तुळईवर: डावी, मधली, उजवी. एक्स्प्रेस प्रवासी गाडीला दोन दिवे, दोन्ही बफरांवर एकेक. अपघातस्थळी मार्ग मोकळा करायला निघालेल्या ब्रेकडाउन गाडीलाही हेच, कारण तिला एक्स्प्रेसइतकाच मान. थांबत थांबत जाणाऱ्या साध्या प्रवासी गाडीला एकच दिवा, वर चिमणीपाशी. नुसत्या इंजिनाला एकच दिवा, खाली मधोमध. पार्सल, दूध, मासळी, वर्तमानपत्रं, मालगाड्यांचे चार-पाच प्रकार, त्यातही किती वाघिणींना ब्रेक जोडलेला आहे यावरून भेद. त्या सगळ्यांच्या वेगवेगळ्या जोड्या ठरलेल्या होत्या. आणि चारही खुंट्यांवर चार दिवे लागले, तर त्या गाडीत राजा किंवा राणी.

सुरुवातीला प्रत्येक कंपनीची आपली आपली पद्धत होती. एकीचं इंजिन दुसरीच्या मार्गावर जायला लागलं तसा गोंधळ वाढला. शेवटी कंपन्यांमधला हिशेब मिटवणारी रेल्वे क्लिअरिंग हाउस ही संस्था होती, तिच्यामार्फत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बहुतेकांनी एक सामायिक संकेत स्वीकारला. बहुतेकांनी, सगळ्यांनी नाही. दक्षिणेकडच्या कंपन्यांचं वेगळंच होतं, ते विचारलंत तर सांगेन.

सांजवात

सुंदर विषय. आजोबांचा फोटोही दाखवा की.

एक शंका. रात्री ठीक आहे, पण दिवसा दिव्याचा काय उपयोग? आणि सिग्नलमनला गाडी कोणती ते वेळापत्रकावरून कळत नव्हतं का?

रूळखडी

फोटो घरच्यांना विचारून टाकतो.

दिवसा दिवा पेटलेला नसला तरी चालायचं. कंदिलाचं धूड दिसलं की झालं, जागा महत्त्वाची. म्हणून तर दिव्याचा रंग पुढे पांढरा करत गेले. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे दिवे आधी लाल रंगवलेले असत. काळपट हिरव्या इंजिनावर ते लांबून नीट उठून दिसत नसणार. १९३०च्या दशकात त्यांनीही पांढरा रंग घेतला.

वेळापत्रकाचं म्हणाल तर ते गाडी वेळेवर असेपर्यंतच खरं. धुकं पडलं, उशीर झाला, मधे एखादी जादा गाडी सोडली की सगळा क्रम बदलला. शिवाय सिग्नलमनला गाडीची वर्दी आधीच मिळालेली असे, घंटेवरून. मागच्या केबिनमधून तारेवरून ठोके येत. एक ठोका म्हणजे 'लक्ष द्या'. तो परत वाजवून उत्तर दिलं की मग खरा प्रश्न: चार ठोके म्हणजे 'एक्स्प्रेस येऊ का?' तीन, थोडं थांबून एक, म्हणजे साधी प्रवासी गाडी. दोन आणि तीन म्हणजे नुसतं इंजिन. राजघराण्याच्या गाडीला चार-चार-चार. मार्ग मोकळा असेल तर तेच ठोके जसेच्या तसे परत वाजवायचे. गाडी प्रत्यक्ष त्या दोन केबिनमधल्या टप्प्यात शिरली की दोन ठोके.

म्हणजे कानांनी चार ठोके ऐकलेत, आणि दहा मिनिटांनी डोळ्यांना दोन बफरांवर दोन दिवे दिसले, की जुळलं. कानानं ऐकलं एक आणि डोळ्याला दिसलं भलतंच, तर कुठेतरी चूक आहे. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेचं शहाणपण याच दुहेरी पडताळ्यात आहे. कुणा एका माणसाच्या लक्षात राहण्यावर ती सोडलेली नव्हती.

यॉर्कवासी

नमस्कार. मी बारा वर्षं यॉर्कला राहतो. सुटीच्या दिवशी इथल्या एका जतन केलेल्या वाफेच्या मार्गावर स्वयंसेवक म्हणून जातो, आणि माझी सुरुवात लॅम्परूममध्येच झाली. वर्षभर मी फक्त दिवे पुसले.

हातात धरल्याशिवाय त्या दिव्याची कल्पना येत नाही, म्हणून सांगतो. जाड पत्र्याचा डबा, वर धूर जायला टोपी, पुढे फुगीर भिंग. आत रॉकेलची छोटी टाकी आणि वात. वात सरळ कापली नाही तर एका बाजूनं काजळी धरते आणि अर्ध्या तासात भिंग काळं होतं. भरलेला दिवा हातात जड लागतो, आणि चिमणीपाशी लावायचा असेल तर फायरमनला तो घेऊन इंजिनाच्या बाजूनं वर चढावं लागतं. पावसात, तेलकट पायऱ्यांवरून.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. इंजिनाच्या दिव्यात एक लाल काचेची झडप ठेवलेली असते. ती भिंगामागे सरकवली की तोच पांढरा दिवा लाल होतो. म्हणजे पुढचा दिवा गरज पडली तर मागचा दिवा म्हणून वापरता येतो.

ग्रेट वेस्टर्नचा वेगळेपणा रंगापुरता नव्हता. बाकीच्यांच्या दिव्याची कडी पाठीवर असते, त्यांची बाजूला, आणि खुंटीही त्यानुसार आडवी वळलेली. बाहेरून दुसऱ्या कंपनीचं इंजिन आलं की त्याला ग्रेट वेस्टर्नचा दिवा बसायचाच नाही. आमच्याकडे पाहुणं इंजिन येतं तेव्हा आजही आधी विचारतात, 'दिवे बरोबर आणलेत का?'

आणि वरची खुंटी. काही इंजिनांवर ती चिमणीपाशी न दिसता खाली, स्मोकबॉक्सच्या (इंजिनाच्या तोंडाशी धूर जमतो त्या पेटीच्या) गोल दरवाजावर दिसते. पंचवीस हजार व्होल्टच्या विजेच्या तारा डोक्यावर आल्यावर वर चढून दिवा लावणं म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून ती खाली घेतली. जुन्या फोटोंची साधारण वेळ ओळखायला ही खूण उपयोगी पडते.

ब्रेकव्हॅन

धागा वाचून राहवलं नाही. मध्य रेल्वेत गार्ड म्हणून तेहेतीस वर्षं काढली. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, २०२२ पासून. आमच्यासाठी गार्डच.

तुम्ही सगळे पुढच्या दिव्यांबद्दल बोलताय. मागचा राहिला. आणि आम्हाला शिकवलं होतं की पुढचा दिवा नसला तर चूक, मागचा नसला तर धोका.

गाडी स्टेशनातून पास होताना स्टेशन मास्तर बाहेर उभा राहून शेवटच्या डब्याकडे बघतो. दिवसा 'एलव्ही' अक्षरांची पाटी, म्हणजे शेवटचं वाहन. रात्री लाल दिवा. शेवटच्या डब्याच्या पाठीवर मोठी पिवळी फुली तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेलच. ती पाटी दिसली म्हणजे गाडी पूर्ण आली, मधेच कपलिंग तुटून चार डबे मागे राहिलेले नाहीत. हे पाहिल्याशिवाय मागच्या स्टेशनला 'सेक्शन मोकळा' सांगायचं नाही. ही सगळी शिस्त आपल्याकडे ब्रिटिशांकडूनच आली. मूळ ठिकाणी ती कशी होती, ते रूळखडी यांनी सांगावं. मी फक्त इथलं जाणतो.

रूळखडी

काका, तुमच्यासारखा माणूस धाग्यावर आला, फार बरं वाटलं. मागचा दिवा मी मुद्दाम दुसऱ्या भागासाठी ठेवला होता, पण तुम्ही म्हणता तेच खरं, तो आधी यायला हवा होता.

तिथेही अगदी तसंच. प्रत्येक गाडीच्या शेवटच्या वाहनावर एक दिवा, दिवसासुद्धा. सिग्नलमन केबिनच्या खिडकीत उभा राहून गाडी पूर्ण जाईपर्यंत बघायचा. लाल दिवा डोळ्यांनी पाहिला की मग मागच्या केबिनला दोन ठोके, थोडं थांबून एक: 'गाडी टप्प्याबाहेर पडली'. हे दोन-एक वाजेपर्यंत मागून दुसरी गाडी सोडायची नाही. म्हणजे संपूर्ण ब्लॉक पद्धत (एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी), लाखो माणसांचा रोजचा प्रवास, त्या एका रॉकेलच्या दिव्यावर टेकलेला.

दिवा दिसलाच नाही तर? पुढच्या केबिनला सलग नऊ ठोके, म्हणजे 'गाडी शेपटाच्या दिव्याविना गेली, थांबवून तपासा'. मागच्या केबिनला चार, थोडं थांबून पाच. गाडी तुटलेली आहे असं डोळ्यांनीच दिसलं तर पाच-पाच. समोर अडथळा असेल तर सहा, आणि हे सहा ठोके सगळ्यांत आधी, 'लक्ष द्या'चा एक ठोकाही न देता.

ही कडक शिस्त फुकट आलेली नाही. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्माजवळ रविवारच्या शाळेच्या मुलांची सहलीची गाडी चढावर अडकली. इंजिनाला ओढवेना म्हणून गाडी तोडली आणि पुढचा भाग आधी नेऊ असं ठरवलं. मागचे डबे उतारावरून सुटले आणि मागून येणाऱ्या गाडीवर जाऊन आदळले. ८० माणसं गेली, त्यांत कितीतरी लहान मुलं. तिथे तेव्हा दोन गाड्यांमध्ये ठराविक मिनिटांचं अंतर ठेवत, ब्लॉक पद्धत नव्हती. त्याच वर्षी संसदेनं कायदा केला आणि प्रवासी मार्गांवर ब्लॉक पद्धत आणि संपूर्ण गाडीला लागणारा ब्रेक सक्तीचा झाला. आर्माबद्दल वाचलं त्या दिवसापासून मला तो लाल दिवा नुसता दिवा वाटत नाही.

ब्रेकव्हॅन

बरोबर. आमच्या बॅचमधल्या एकानं रात्री आपल्या मालगाडीचा टेल लॅम्प विझलेला पाहिला नाही, पुढच्या स्टेशन मास्तरनं गाडी उभी करून ठेवली. मागची सगळी वाहतूक अडली. त्याला खूप बोलणी बसली, पण स्टेशन मास्तरनं केलं ते योग्यच केलं, असं तो स्वतःच आम्हाला सांगायचा.

मालगाडीच्या ब्रेकव्हॅनला, म्हणजे गार्डच्या शेवटच्या डब्याला, तिकडे बाजूलाही दिवे असत का?

यॉर्कवासी

असत, दोन. ब्रेकव्हॅनच्या डाव्या-उजव्या कोपऱ्यांवर. प्रत्येक दिवा पुढे पांढरा दिसायचा, मागे लाल. पुढचा पांढरा का, तर इंजिनावरच्या माणसांनी मागे वळून बघितलं की गाडी पूर्ण आहे हे दिसावं.

यातली खरी हुशारी चौपदरी मार्गावर दिसते. शेजारी शेजारी एकाच दिशेचे दोन मार्ग, एक जलद, एक धीमा. धीम्यावर मालगाडी उभी आहे आणि जलद मार्गावरून एक्स्प्रेस येतेय. रात्री एक्स्प्रेसच्या ड्रायव्हरला समोर तीन लाल दिवे दिसले तर तो घाबरून ब्रेक लावेल, त्याला वाटेल आपल्याच मार्गावर गाडी आहे. म्हणून धीम्या मार्गावर असताना जलद मार्गाच्या बाजूचा दिवा मागे पांढरा दाखवायचा. गार्डला मार्ग बदलला की उठून ती काच फिरवावी लागे. प्रत्येक वेळी.

अनुस्वार

फार छान चाललंय. रूळखडी, दक्षिणेकडचं सांगणार होतात ना?

रूळखडी

हो. तिथे प्रश्नच वेगळा होता. लंडनच्या दक्षिणेला मार्गांचं जाळं, क्लॅपहॅम जंक्शनसारखी ठिकाणं, आणि बहुतेक सगळ्या गाड्या प्रवासी. गाडी एक्स्प्रेस आहे की साधी, यापेक्षा ती पुढच्या फाट्यावर डावीकडे जाणार की उजवीकडे, हे सिग्नलमनला आधी हवं. म्हणून तिथल्या कंपन्यांनी, आणि १९२३ नंतर सदर्न रेल्वेनं, दिव्यांच्या जागेवरून मार्ग सांगायची रीत ठेवली. त्यासाठी चार खुंट्या पुरेनात, स्मोकबॉक्सच्या दोन्ही बाजूंना आणखी एकेक लावून सहा केल्या. दिवसा दिव्यांऐवजी पांढऱ्या गोल चकत्या. त्या चकतीवर कित्येकदा इंजिनाच्या त्या दिवसाच्या कामाचा नंबर चिकटवलेला असे, जुन्या फोटोंत तो वाचता येतो.

विजेच्या गाड्या आल्यावर दिवे आणि चकत्या सोडून त्यांनी सरळ अक्षरं लावली. हॅम्प्टन कोर्टला जाणाऱ्या गाडीवर 'एच'. पुढे अक्षरांच्या जागी एक किंवा दोन आकडे आले. लंडन ते ब्रायटन धावणाऱ्या प्रसिद्ध ब्रायटन बेलच्या कपाळावर ४ असे.

स्कॉटलंडमध्ये कॅलेडोनियन रेल्वेनं आणखी निराळी वाट काढली. इंजिनावर घड्याळाच्या काट्यांसारखे दोन हात असलेलं एक यंत्र लावायचे आणि हातांच्या कोनावरून मार्ग कळायचा. कंपनी १९२३ला विलीन झाली, तरी ते हात ग्लासगोच्या आसपास १९६०च्या दशकापर्यंत फिरत राहिले.

सांजवात

हे अक्षरांचं वाचून मला एकदम आपली लोकल आठवली! कर्जतला 'एस', कसाऱ्याला 'एन', अंबरनाथला 'ए'. माझ्या आईला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण ठाण्याच्या फलाटावर ती ते एक अक्षर आकारावरून ओळखून गाडीत चढायची.

ब्रेकव्हॅन

अगदी तेच तत्त्व. कल्याणला मार्ग फुटतो, एक ईशान्येला कसाऱ्याकडे, एक आग्नेयेला कर्जतकडे. म्हणून 'एन' आणि 'एस'.

चाकोरी

एक अवघड प्रश्न विचारतो. मी वाचलंय की ग्रेट वेस्टर्नच्या काही गाड्या धावता धावता शेवटचा डबा सोडून द्यायच्या. गाडी न थांबता पुढे जायची आणि सुटलेला डबा आपल्या ब्रेकवर स्टेशनात येऊन थांबायचा. मग शेवटच्या दिव्याचा नियम कुठे गेला? सिग्नलमनला तर गाडी तुटलेलीच दिसणार!

रूळखडी

फार नेमका प्रश्न. त्या डब्यांना स्लिप कोच म्हणत. उत्तर पुन्हा दिव्यांतच आहे. स्लिप डब्याच्या पाठीमागे साधा एकटा लाल दिवा नसे, दिव्यांची खास वेगळी जोडी असे. ती जोडी दिसली की सिग्नलमनला कळायचं की हा डबा पुढे सुटणार आहे. आणि डबा सुटल्यावर मुख्य गाडीच्या पाठीवर तिचा स्वतःचा लाल दिवा तयारच असे. म्हणजे तुटलेली गाडी आणि सोडलेला डबा यांतला फरक शेपटावरूनच कळायचा. डब्यात स्वतंत्र गार्ड असायचा, तोच दांडा ओढून डबा सोडायचा आणि ब्रेक लावायचा. असा शेवटचा डबा १० सप्टेंबर १९६० रोजी बिस्टर स्टेशनात सुटला.

यॉर्कवासी

१९६०वरून आठवलं. त्याच वर्षी दिव्यांची लिपी संपायला लागली.

गर्दीच्या हंगामात फक्त 'एक्स्प्रेस' एवढं कळून भागेना. उन्हाळ्यातल्या शनिवारी समुद्रकिनाऱ्याकडे एकामागे एक दहा एक्स्प्रेस, सगळ्यांच्या बफरांवर तेच दोन दिवे. त्यातली कुठली कुठली? म्हणून ग्रेट वेस्टर्ननं १९३४ मध्ये इंजिनाच्या तोंडावर चौकटीत तीन मोठे आकडे लावायला सुरुवात केली. मग डिझेल इंजिनं आली. त्यांच्या कपाळावर सुरुवातीला घडी घालता येणाऱ्या चार चकत्या होत्या, प्रत्येकीच्या मधे दिवा, म्हणजे जुनी लिपी नव्या अंगावर. आणि १९६०पासून चार चिन्हांचा संकेत: आधी आकडा, मग अक्षर, मग दोन आकडे. पहिला आकडा गाडीचा वर्ग: ० नुसतं इंजिन, १ एक्स्प्रेस, २ साधी प्रवासी. अक्षर म्हणजे ब्रिटिश रेल्वेच्या कोणत्या विभागात जाणार ते: 'एस' स्कॉटलंड, 'व्ही' वेस्टर्न, 'एम' लंडन मिडलंड, 'ओ' सदर्न, 'ई' ईस्टर्न. 'एक्स' आणि 'झेड' खास गाड्यांना. शेवटचे दोन आकडे त्या गाडीचे स्वतःचे.

असा एक संकेत सगळ्या जगाला ठाऊक झाला: १एम४४. ग्लासगोहून लंडनच्या युस्टनला जाणारी टपालगाडी. ८ ऑगस्ट १९६३च्या पहाटे बकिंगहॅमशायरमध्ये ती लुटली गेली, सुमारे २६ लाख पौंड नेले. गाडी कशी थांबवली माहीत आहे? दिव्यानं. हिरव्या सिग्नलवर हातमोजा घातला आणि लाल दिवा बॅटरीनं पेटवला. ड्रायव्हर जॅक मिल्स यांनी लाल पाहिला आणि नियमाप्रमाणे गाडी थांबवली. त्यांच्या डोक्यावर वार झाले, आणि त्यानंतर ते पुन्हा पूर्वीसारखे झालेच नाहीत. मला त्या दरोड्याच्या गोष्टी रंगवून सांगितलेल्या आवडत नाहीत त्या यामुळेच. लाल दिव्यावर विश्वास ठेवणं हे त्या माणसाचं काम होतं.

अनुस्वार

हे माहीतच नव्हतं. वाचून सुन्न झालो.

आता गाड्यांवर तसे संकेत दिसत नाहीत ना?

यॉर्कवासी

नाही. मोठी विद्युत केबिन्स आली, एका खोलीतून शेकडो किलोमीटरचे सिग्नल. सिग्नलमनला गाडी डोळ्यांनी दिसायचीच बंद झाली, संकेत त्याच्या फलकावर आपोआप उमटू लागला. मग कपाळावर लिहून कुणाला दाखवायचं? जानेवारी १९७६ मध्ये ते लावणं बंद झालं. इंजिनांवरच्या संकेताच्या सगळ्या फिरत्या पट्ट्या ०००० वर फिरवून ठेवल्या. आतल्या यंत्रणेत मात्र तो चार चिन्हांचा संकेत आजही रोज चालतो.

दोन संकेत माझ्या मनात घर करून आहेत. एक १टी५७. ११ ऑगस्ट १९६८ला ब्रिटिश रेल्वेची मुख्य मार्गावरची शेवटची वाफेची प्रवासी गाडी लिव्हरपूलहून मँचेस्टरमार्गे कार्लाइलला गेली आणि परत आली. तिच्या इंजिनांवर हा आकडा होता. तिकीट पंधरा गिनी. रुळाच्या कडेला माणसं उभी होती.

दुसरा चर्चिल यांच्या अंत्ययात्रेचा, ३० जानेवारी १९६५. वॉटर्लूहून हँडबरोला गेलेल्या त्या गाडीला त्यांच्याच नावाचं इंजिन होतं, ३४०५१. सदर्नच्या रीतीप्रमाणे पांढऱ्या चकत्या लावल्या होत्या, पण त्यांची मांडणी इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी. विजयाची खूण. ज्या लिपीत इतकी वर्षं फक्त 'ही गाडी कुठे जाणार' एवढंच लिहिलं जायचं, त्या लिपीत त्या दिवशी निरोप लिहिला गेला.

रूळखडी

हे फार सुंदर सांगितलंत.

घरच्यांची परवानगी मिळाली, फोटो वर जोडलाय. आता माझा मूळ प्रश्न. मधोमध खाली एकच दिवा, म्हणजे नुसतं इंजिन. मी असं धरून चाललोय की आजोबा दुसऱ्याच कुठल्या गाडीनं आले आणि फोटोपुरतं हे उभं असलेलं इंजिन निवडलं. आजीची आठवण थोडी सरमिसळ झाली असावी.

ब्रेकव्हॅन

थांबा जरा. आजींना इतक्यात खोटं पाडू नका.

फोटो मोठा करून पाहिला. इंजिनाचं तोंड बफर-स्टॉपकडे आहे, आणि ते शेवटचं स्टेशन. म्हणजे इंजिन गाडी घेऊन चिमणी पुढे करून आत आलं. आता ते बाहेर कसं पडणार? पुढे तर भिंत. दुसरं इंजिन मागून डबे ओढून नेणार, मग हे उलटं, टेंडर (मागची कोळसा-पाण्याची गाडी) पुढे करून शेडला जाणार. बरोबर?

मग उलटं जाणाऱ्या इंजिनाचं पुढचं टोक कोणतं आणि मागचं कोणतं? फोटोत दिसतोय तो पुढचा दिवा नव्हेच. तो शेपटाचा आहे. लाल आहे तो!

यॉर्कवासी

काका, साष्टांग नमस्कार. शंभर टक्के बरोबर, आणि मी लाल झडपेबद्दल स्वतः लिहूनही मला हे दिसलं नाही.

अजून एक जोडतो. लीड्सहून आलेली एक्स्प्रेस म्हणजे दोन्ही बफरांवर दोन दिवे. गाडी थांबल्यावर फायरमन खाली उतरतो. एक दिवा काढून मागे टेंडरवर मधोमध लावतो, तो पांढराच, कारण आता ते पुढचं टोक. दुसरा इथेच मधल्या खुंटीवर आणतो आणि आत लाल काच सरकवतो. दोन दिवे आले, दोन्ही कामाला लागले. रूळखडी, फोटोत दोन्ही बफरांवरच्या खुंट्या रिकाम्या दिसतात का बघा.

रूळखडी

रिकाम्या आहेत. दोन्ही स्पष्ट दिसतात. आणि आजोबांच्या खांद्यामागे इंजिनाच्या बाजूला एक माणूस पाठमोरा टेंडरकडे चालत जाताना दिसतोय. त्याच्या हातात काय आहे ते मात्र कोटाच्या आड गेलंय.

फोटो काळा-पांढरा, त्यामुळे भिंग लाल आहे की नाही हे त्यात कधीच दिसणार नाही. पण सगळं जुळतं. गाडी आली, प्रवासी उतरले, फायरमननं दिवे बदलले, आणि त्या पाच-दहा मिनिटांत कुणीतरी आजोबांना म्हणालं असेल, इथे उभे राहा. काल रात्री आत्याला फोन करून सगळं सांगितलं, अगदी दिव्यांच्या जागांसकट. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "आई म्हणायचीच, याच गाडीनं आले."

फोटो आज फ्रेम करायला दिला. मागची शाईही दिसावी म्हणून दोन्ही बाजूंनी काच लावायला सांगितलीय.